पंधरा नंबरचा निरोप

वीज तीन वाजता जाणार, असं कंपनीनं
मंगळवारीच कळवलं होतं. ट्रान्सफॉर्मर बदलायचाय.
देओलिंदा दोनलाच आली, रेनकोटाच्या खिशात
कागदात गुंडाळलेला चीजचा तुकडा,
आणि धक्क्यावरच्या खोलीचं कुलूप
नेहमीसारखं दोनदा फिरवावं लागलं.

वेलाश बंदर झोपलेलं. कड्यावर फक्त
ते समुद्रपक्षी, ज्यांचं ओरडणं ऐकून
बेटावर नवा आलेला माणूस विचारतो,
कुणाचं बाळ रडतंय?

आत मशीन. लिनक्स. अकरा वर्षांचं.
भरती-ओहोटीची उंची मिनिटामिनिटाला टिपणारं.
आजवर एकदाही ते धड बंद झालं नव्हतं.
कधी वादळात वीज गेली, कधी बॅटरी फुगली,
एकदा तर झाडू मारणाऱ्या फिलोमेनाच्या पायात वायर आली.
मग सकाळी डिस्कची तपासणी,
मध्येच तुटलेले आकडे,
आणि हरवलं-सापडलंच्या फोल्डरात
नावं पुसली गेलेले तुकडे,
ज्यांना आता कुणी ओळख सांगत नाही.

ती बटणाला हात लावत नाही.
आधी आत कोण-कोण आहे ते बघते.
पोन्ता देल्गादाहून उर्बानो, रात्रीचा विद्यार्थी,
लाटांचं कसलंसं गणित लावून बसलेला.
त्याच्या पडद्यावर ती एक ओळ टाकते:
अडीचला बंद करतेय. आवरतं घे.
तो लिहितो: दोन मिनिटं.
दोन मिनिटं म्हणजे दहा, हे सगळ्या बेटांवर सारखंच.
ती थांबते. चीज खाते.

मग यादी. एकेका कामाला पंधरा नंबर पाठवायचा.
पंधरा म्हणजे निरोप,
सांगितलेला, आणि घ्यायला सवड दिलेली:
हातातलं खाली ठेव, लिहायचं ते लिहून टाक,
आणि नीघ.
नऊ म्हणजे मानगूट.
नऊ कुणी ऐकत नाही, ऐकायला उरतच नाही.
"आधी विचारायचं," झेफरिनो म्हणायचा,
"नऊ काय, कुणालाही येतो."
आता तो टोरांटोत, मुलीकडे, दोन्ही गुडघे बदलून.
त्याचा प्रोग्राम मात्र इथेच, यादीत खालून चौथा,
मालकाच्या रकान्यात अजून त्याचंच नाव.

तिनं पंधरा पाठवला.

एक सेकंद. दोन.
भरतीच्या फायलीत शेवटी एक ओळ उमटली,
अकरा वर्षांत कुणी न पाहिलेली,
कारण अकरा वर्षांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं:

०२:४१. पाणी १.१२ मीटर, चढतंय.
सांगितलंत, बरं केलंत.
खिडकी लावून घ्या.

खिडकी उघडीच होती.

ती उठली, लावली, परत येऊन बसली.
मग मुख्य आज्ञा. पडद्यावरून ओळी खाली धावू लागल्या,
आणि एका ओळीशी अडल्या:
एक काम अजून थांबायचं आहे. नव्वद सेकंद.
बॅकअपची डिस्क. लिहिण्यात बुडालेली.
तिला नऊ पाठवूनही उपयोग नसतो,
हातातलं पान संपेपर्यंत ती मान वर करत नाही.
सत्तर. पंचावन्न.
देओलिंदा बोटांवरचं चीज पुसत राहिली.
चाळीसला डिस्क सुटली.
पंखा जरा वेळ आपल्याच ओढीनं फिरला
आणि राहिला.

खोलीत एवढी शांतता असते
हे तिला माहीत नव्हतं.

वीज तीनला गेलीच नाही. तीन वाजून सहा मिनिटांनी
धक्क्यावरचे दिवे एकदम गेले.
टोरांटोत अकरा. म्हणजे तो जागा असणार.

"पाणी किती होतं?" त्यानं विचारलं,
कशी आहेस, एवढ्या रात्री का, काही नाही.
"एक बारा. चढत होतं."
"आणि खिडकी?"
"लावली."